एअर सस्पेन्शन कायम 'हाय'ला ठेवून गाडी चालवली तर शाफ्ट जातो का? (ईव्ही, ४ व्हील ड्राइव्ह)

कोथरूडकर_७७
मंडळी, सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेतलीय, दोन मोटरवाली, चारही बाजूंना एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी बलून, गाडीची उंची कमीजास्त करता येते). कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. आमच्या गल्लीत तीन स्पीडब्रेकर, त्यातला एक तर अक्षरशः कंबरडं मोडणारा, म्हणून पहिल्या दिवसापासून गाडी 'हाय'वरच ठेवलीय. एक्सप्रेसवेला स्पीड घेतला की ती आपोआप खाली बसते, ते ठीक. आता दोन गोष्टी झाल्यात. सिग्नल सुटल्यावर जोरात पिकअप घेतला की पुढून थरथर येते, ४०-५० च्या आसपास स्टेअरिंगसकट सगळं हलतं आणि पाय काढला की एकदम गप्प. दुसरं म्हणजे मागचे टायर बाहेरून नव्यासारखे दिसतात पण आतल्या कडेला तार दिसायला लागलीय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात दोन्ही पुढचे शाफ्ट (मोटरचा जोर चाकाला देणारे दांडे) बदला, आणि कारण विचारलं तर "ईव्ही आहे सर, टॉर्क जास्त असतो" एवढंच. पटत नाहीये.

घाटातला_गडी
टॉर्कचं, म्हणजे चाक फिरवायच्या जोराचं, ते खोटं बोलत नाहीत पण अर्धंच सांगतायत. गाडी वर उचललीस की मोटर बॉडीबरोबर वर जाते, चाक मात्र जमिनीवरच राहतं, म्हणजे शाफ्ट तिरका होतो. वर तू पिकअप घेतलास की नाक अजून उचललं जातं, कोन आणखी वाढतो, आणि नेमक्या त्याच क्षणाला मोटर सगळा जोर एकदम टाकते. आतल्या, म्हणजे मोटरकडच्या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात, ते अशा कोनात पुढेमागे घासत राहतात आणि हळूहळू ते ज्या कपमध्ये बसतात त्याला आतून चर पडतात. घरीच चेक कर. मोकळा रस्ता बघून आधी 'हाय'वर आणि मग 'लो'वर सेम पिकअप घे. लोवर थरथर गेली किंवा खूप कमी झाली तर आतलाच जॉइंट समज. पण एकदा चर पडला की गाडी खाली घेऊन तो भरून येत नाही हां, फक्त जाणवायचं कमी होतं.

जर्सीतला_जोशी
माझं सेम झालं होतं, इथे न्यू जर्सीत. बर्फात लागते म्हणून दोन हिवाळे गाडी हायवर ठेवली आणि वर पिकअपची हौस 😅 शाफ्ट बदलून घेतले, तेव्हापासून स्टँडर्डवरच असते, फक्त ड्राइव्हवेच्या चढापाशी वर घेतो. काही गाड्यांत जागा सेव्ह करता येते, तिथे पोचलं की आपोआप उचलते आणि पुढे गेलं की खाली. तुझ्या गाडीत असेल तर त्या कंबरमोड्या स्पीडब्रेकरला सेव्ह करून टाक.
टायरचं प्रकरण मात्र वेगळं आहे. गाडी खाली बसली की चाकं वरच्या बाजूने आत कलतात आणि भार आतल्या कडेवर येतो. तरी नुसत्या कॅम्बरने, म्हणजे या कलण्याने, इतक्या लवकर तार दिसत नाही, टो (चाक समोर सरळ आहे की आत-बाहेर वळलंय तो कोन) बिघडलेला असणार, चाक फरफटत चाललेलं असतं. अलाइनमेंट (चाकांचे हे कोन सेट करणं) करताना गाडी कुठल्या उंचीला होती ते विचारलंस का? हायवर सेट करून दिली असेल तर खाली बसल्यावर त्या आकड्यांना काही अर्थ नाही, कंपनीने सांगितलेल्या उंचीलाच करायची असते. आणि वजन सव्वादोन टनाच्या घरात असेल, त्यात चूक लपत नाही.

बलूनवाला_कोल्हापूर
आमच्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या सगळ्या बलूनवर, त्यामुळे थोडं सांगतो. बलून फुटून जात नाही, घडीत जातो. गाडी खाली बसली की रबर ठराविक जागी दुमडतं, त्यात चिखल आणि वाळू अडकते आणि तीच रबर खाते. पावसाळ्यात वॉशिंगला लावली की गाडी वर घेऊन आतून पाणी मारायला सांगा. बारीक लीक झाला तर लगेच कळत नाही, कंप्रेसर बिचारा परत परत चालून भरून काढतो आणि एक दिवस तोच जळतो, मग बलूनच्या पैशात कंप्रेसर पण. शिवाय आपल्याकडची हवा दमट, ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे ओले झाले की पाणी व्हॉल्व्हपर्यंत जातं. आम्ही हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडतो, कारला ती सोय नसते. रात्री चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून मोजा, सकाळी परत मोजा. चारही सारखे बसले तर चालतं, एकच कोपरा बसला तर साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघा. आणि जॅक लावायच्या आधी जॅक मोड ऑन करा, नाहीतर गाडी स्वतःच लेव्हल करायला जाते. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका.

कोथरूडकर_७७
सगळ्यांना थँक्स. लोवर थरथर जवळजवळ गायब, हायवर परत हजर, म्हणजे जॉइंट गेलाय हे मान्य. अलाइनमेंटचा जुना कागद काढला तर त्यावर उंचीचा रकानाच कोरा आहे! आणि टेप लावली काल रात्री. तीन कोपरे दोन-तीन मिमी बसले, मागचा डावा मात्र सकाळी १४ मिमी खाली. आधी साबणाचं पाणी, मग शाफ्टचं बघतो.

बलूनवाला_कोल्हापूर
बलूनबरोबर वरचं पाइपचं कनेक्शन पण बघा, बरेचदा लीक तिथेच असतो आणि लोक उगाच बलून बदलतात.