नुसत्या नावावर जाऊ नका
स्पेलिंगच्या चुका दिसल्या की मेल खोटा समजायचा, असं बरेच जण सांगतात, पण आता त्यावर भरवसा नको. आमचं मालवणला छोटं होमस्टे आहे, ऐन मे महिन्यात बुकिंग साइटच्या नावानं मेल आला, पाहुण्यानं तक्रार केलीय, २४ तासांत लॉगिन करा नाहीतर लिस्टिंग बंद. एक चूक नाही हो त्यात! मोबाईलवर पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं, त्यावर बोट लावलं तेव्हा खरा पत्ता उघडला, साइटचं नाव होतं पण सुरुवातीला, आणि मेल कुणाचा ते ठरतं शेवटच्या डॉट कॉमच्या लगेच आधी चिकटलेल्या शब्दावरून, तिथे भलतंच काहीतरी.

भावानं तोवर बांगडे साफ करता करता पासवर्ड टाकलाही होता (ओल्या हातानं!), लगेच बदलला म्हणून वाचलो. पैसे गेलेच तर आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा, बँकेत चकरा मग.