धर्माच्या गाईचे दात: मोफत थीमवर अभिप्राय कसा द्यावा? (अनुभव धागा)

धर्माची गाय आणि दात का नाय, अशी आपल्याकडे म्हण आहे. फुकट मिळालंय तर खोड्या काढू नका, एवढाच तिचा अर्थ. मोफत वेब थीमचे (साइटच्या तयार रूपड्याचे) दात मात्र मोजायलाच हवेत, कारण ही गाय एका गोठ्यात राहत नाही. एकानं टाकलेली थीम किती साइटवर चढेल याचा नेम नसतो, आणि तिच्यातली चूकही सोबत चढते. प्रश्न आहे तो मोजलेले दात सांगायचे कसे याचा. 'मस्तच', 'रंग नाही आवडला', 'मोबाइलवर गंडतंय' यातून थीम बनवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

ज्यांनी थीम तपासल्या आहेत किंवा बनवून बोलणी खाल्ली आहेत, त्यांनी लिहा: काय बघता, कशानं बघता, काय मोडतं आणि का, आणि ते कळवता कसं. आत्मचरित्रं नकोत, तपशील हवेत.

कंस_उघडा

आधी कळवण्याची रीत. थीमची आवृत्ती, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, खिडकीची रुंदी पिक्सेलमध्ये, झूम किती टक्के, कोणत्या पायऱ्या केल्या, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं. एवढं असलं की समोरचा तेच स्वतःच्या यंत्रावर घडवून बघू शकतो. घडवता आलं नाही तर दुरुस्त करायचं कुठून?

'मोबाइलवर मेनू चालत नाही' याऐवजी असं लिहा: 'आवृत्ती १.२, अँड्रॉइडवरचं क्रोम, रुंदी ३६०. मेनूचं बटण दाबल्यावर यादी उघडते, पण आतला उपमेनू उघडत नाही. तो फक्त होव्हरवर (माउसचा बाण वर नेल्यावर) उघडतो असा नियम दिसतो. टचवर होव्हर नसतो, तिथे वेगळं बटण लागेल.' चार ओळींत लक्षण, जागा, कारण आणि उपाय आला.

पाठवण्याआधी खाजगी खिडकीत, सगळी एक्स्टेन्शन बंद करून पुन्हा बघा. जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन 'बॅनर', 'सोशल', 'अ‍ॅड' अशी क्लासची नावं दिसली की निरुपद्रवी डबाही लपवतात, आणि आपण थीमच्या नावानं खडे फोडतो. साइट वर्डप्रेसवर (साइट चालवायच्या प्रणालीवर) असेल तर प्लगइन (जोड-सुविधा) बंद, चाइल्ड थीम (मूळ थीमवर चढवलेले तुमचे बदल) काढलेली, जास्तीचं सीएसएस (रूप ठरवणारे नियम) रिकामं.

एका चिठ्ठीत (दोष कळवायच्या नोंदीत) एकच दोष. दहा दोषांची माळ लावली तर नऊ सुटले तरी ती चिठ्ठी उघडीच राहते.

रिकामी_जागा

डेमो बघून अभिप्राय देऊ नये. डेमोतली सगळी शीर्षकं तीन शब्दांची असतात आणि सगळे फोटो एकाच मापाचे. लग्नातल्या फोटोसारखं, सगळे ताठ उभे. थीम उतरवून घ्या आणि तिच्यात वाकडातिकडा मजकूर भरा: सव्वाशे अक्षरांचं शीर्षक, शीर्षकच नसलेली नोंद, फोटो नसलेली नोंद, उभा फोटो, आठ रकान्यांचा तक्ता, यादीत यादीत यादी, पाच पातळ्या खोल गेलेले प्रतिसाद, न सापडलेलं पान, शून्य निकालांचा शोध. वर्डप्रेससाठी हे सगळं भरलेली चाचणी-फाइल तयार मिळते. ती इम्पोर्ट केली की दहा मिनिटांत थीमचं पितळ उघडं पडतं.

हमखास मोडणारी गोष्ट म्हणजे न तुटणारा लांब वेब-पत्ता. दोन रकान्यांच्या मांडणीत तो आला की मुख्य रकाना फुगतो आणि बाजूचा रकाना बाहेर ढकलला जातो. फ्लेक्स या सीएसएस-मांडणीतल्या घटकाची किमान रुंदी मुळात 'ऑटो' असते, म्हणून तो आतल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला तयार नसतो. त्याला 'मिन-विड्थ: ०' आणि मजकुराला 'ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर' दिलं की बसतो.

दुसरी, आडवा स्क्रोल. पूर्ण रुंदीच्या पट्ट्याला '१००व्हीडब्ल्यू' (खिडकीची पूर्ण रुंदी) दिलेलं असतं आणि त्या मापात उभ्या स्क्रोलपट्टीची जाडी धरलेली असते. मग पान तेवढंच बाहेर सरकतं. यात मेख अशी की मॅकच्या ट्रॅकपॅडवर स्क्रोलपट्टी मजकुराच्या वर तरंगते, जागा खात नाही. थीमकर्त्याला दोष दिसतच नाही आणि तो म्हणतो, 'माझ्याकडे तर ठीक आहे.' खरंच ठीक असतं. म्हणून 'विंडोजवर, पट्टी कायम दिसत असताना' हे शब्द चिठ्ठीत हवेतच.

टॅब_टॅब_एंटर

माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅबनं पान फिरा. आपण कुठे आहोत हे प्रत्येक थांब्यावर दिसतंय का? नसेल तर सीएसएसमध्ये 'आउटलाइन: नन' शोधा. निळी चौकट कुरूप दिसते म्हणून काढून टाकतात आणि बदली काही देत नाहीत. 'चौकट नको असेल तर फोकस-व्हिजिबलवर (कीबोर्डनं पोचल्यावर लागू होणाऱ्या नियमात) २ पिक्सेलची तुमच्या रंगातली रेघ द्या' असं सुचवलं की सहसा मान्य होतं, कारण माउस वापरणाऱ्याला बटणावर क्लिक केल्यावर ती दिसत नाही.

रंगांबद्दल 'फिकट वाटतंय' लिहू नका, मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर लिहा. साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतं, मोठ्या मजकुराला (२४ पिक्सेलपासून, किंवा ठळक असेल तर साधारण १८.५ पासून) ३:१. पांढऱ्यावर #९९९ राखाडी २.८५ भरतो, म्हणजे तारखा आणि फोटोखालच्या ओळी नापास. #७७७ सुद्धा ४.४८ वर अडकतो, #७६७६७६ मात्र ४.५४ नं पास. एका केसानं फरक आहे, डोळ्यांना कळतही नाही. म्हणूनच असा बदल सुचवला की थीमकर्ता वाद घालत नाही.

बाकी पटापट: फॉर्मच्या चौकटीत लिहिलेला पुसट शब्द म्हणजे लेबल नव्हे, टाइप करायला लागलं की तो जातो. व्ह्यूपोर्टच्या ओळीत (पान पडद्यावर कसं बसेल ते सांगणाऱ्या) झूम बंद केला असेल तर कळवाच. १२८० रुंदीवर ४०० टक्के झूम करा; ते ३२० पिक्सेलच्या फोनइतकं होतं, तिथे मजकूर वाचायला आडवं सरकावं लागू नये. चिकटून राहणारा हेडर त्या झूमला अर्धा पडदा खातो, हे कुणी बघतच नाही.

खडूस_पण_कामाचा

@टॅब_टॅब_एंटर, सगळं मान्य, पण एक पथ्य. सुलभतेच्या प्रमाणांची कलमं एकामागून एक डोक्यात घालू नका. समोरचा माणूस फुकट काम करतोय, परीक्षेला बसलेला नाही.

लिहिण्याआधी तीन ढीग करावेत. मोडलेलं, अडचणीचं आणि मला न आवडलेलं. पहिले दोन पाठवायचे. तिसऱ्या ढिगातलं बहुतेक टाकून द्यायचं. उरलेलं थीमच्या हेतूशी जोडता आलं तरच लिहायचं. 'हिरवा रंग नको' ही नुसती आवड झाली. 'लिंक आणि 'यशस्वी' संदेश दोन्ही एकाच हिरव्यात आहेत, संदेश दाबता येतो असं वाटतं' हा अभिप्राय. 'खूप मोकळी जागा आहे' याऐवजी '१३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर पहिल्या पडद्यात लेखाची एकही ओळ दिसत नाही'. लेखांसाठीच्या थीमला हा दोषच. चित्रकाराच्या थीमला कदाचित नाही, तिथे गप्प बसावं.

कौतुकाचं सारण भरून टीका देण्याची पद्धत मला भिकार वाटते, वाचणाऱ्याला सारण लगेच ओळखू येतं. पण जे चांगलं आहे ते नेमकं सांगणं कामाचं असतं. 'ओळीची लांबी साधारण ६५ अक्षरांवर रोखली आहे, ती राहू द्या' असं लिहिलं नाही तर पुढच्या आवृत्तीत कुणाच्या तरी आग्रहाखातर तीच उडते.

वेलांटी

देवनागरीतून तपासणारे कमी, म्हणून हे सविस्तर.

एक. शीर्षकाची लाइन-हाइट (ओळीची उंची) १.१ किंवा १.२ असते. रोमनला पुरते; आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. डब्याला 'ओव्हरफ्लो: हिडन' असेल तर मात्रा सरळ कापल्या जातात. शीर्षकाला १.४ आणि मजकुराला १.७ च्या आसपास मागा. चाचणीला 'र्‍हस्व', 'क्रूर', 'मूर्तींची' असे वरखाली पसरणारे शब्द घ्या.

दोन. लेटर-स्पेसिंग. सुटी अक्षरं फॅशनेबल दिसतात, पण शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द तुटलेल्या माळेतल्या मण्यांसारखा विखुरतो. सगळीकडून काढा म्हणू नका. मराठी-हिंदी भाषेच्या पानावर शून्य करणारा एक नियम सुचवा.

तीन, आणि हे फार सुटतं: थीममधली शीर्षकांची श्रेणी कॅपिटल अक्षरांवर उभी असते. उपशीर्षक १२ पिक्सेल, पण 'अपरकेस' केलेलं, म्हणून रोमनमध्ये उठून दिसतं. देवनागरीत कॅपिटल नाहीतच. उरतो बारीक मजकूर, मुख्य मजकुरापेक्षाही बारीक. कारण कळवल्याशिवाय हा दोष थीमकर्त्याला समजणं शक्य नाही.

चार. फॉन्टमध्ये फक्त लॅटिन भाग मागवलेला असतो. मग देवनागरी यंत्रातल्या कुठल्याही फॉन्टात पडते आणि जाडी जुळत नाही. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी रांगेत दुसरा ठेवायला सांगा. तिरपी अक्षरंही बघा: देवनागरी फॉन्टांत खरी तिरपी क्वचित असतात, ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून देतो.

पाच. 'लँग' मध्ये (पानाची भाषा सांगणाऱ्या खुणेत) इंग्रजी पक्कं लिहून ठेवलेलं असेल तर स्क्रीन रीडर (पान मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) मराठी मजकूर इंग्रजी समजून वाचायला जातो, आणि काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श मिळत नाहीत. तसंच 'रीड मोअर' सारखे शब्द भाषांतराच्या फंक्शनमध्ये न गुंडाळता थेट लिहिले असतील तर ते 'पुढे वाचा' होणारच नाहीत. फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक देऊन कळवा.

बारीक_अक्षर

कुणी परवान्याचं बोललं नाही, आश्चर्य आहे. मी तो सगळ्यात आधी बघा म्हणेन. थीमचा परवाना जीपीएल किंवा एमआयटी (दोन्ही खुले परवाने) असला तरी आतले फोटो, आयकॉन, फॉन्ट, स्लायडरची स्क्रिप्ट यांचे परवाने वेगळे असू शकतात. 'व्यावसायिक वापर नाही' अशा अटीचा एकच फोटो जीपीएल थीममध्ये घुसला की गाडी अडली. एमआयटीची स्क्रिप्ट चालते, पण तिच्या डोक्यावरची हक्काची (कॉपीराइटची) ओळ कुणी फाइल लहान करण्याच्या नादात उडवली असेल तर ती परत लावायला सांगा.

फुटरच्या फाइलमध्ये 'बेस६४' आणि 'इव्हॅल' (लपवलेला कोड चालवण्याच्या खुणा) शोधा. सापडलं तर चारचौघांत आरोप करण्याआधी थीमकर्त्याला खाजगीत विचारा. तुम्ही मूळ जागेऐवजी तिसऱ्याच ठिकाणाहून उतरवली असेल आणि भेसळ तिथे झालेली असेल. जेक्वेरी ही स्क्रिप्ट ३.५.० पेक्षा जुनी असेल तर तिच्यात जाहीर झालेली सुरक्षेची भोकं आहेत. सुरक्षेचं काहीही आधी खाजगीतच.

हातचा_एक

+१ बारीक_अक्षर.

वेगाबद्दल एवढंच: डेमो हळू उघडतो याचा अर्थ थीम जड आहे असा नाही, सर्व्हर फुसका असू शकतो. पहिला बाइट यायलाच वेळ लागत असेल तर थीमला दोष देऊ नका. स्वतःच्या यंत्रावर चढवा, ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांतल्या नेटवर्क टॅबमध्ये वेग कमी करा, तीनदा मोजा, मधला आकडा घ्या. पडद्यावरचं सगळ्यात मोठं चित्र २.५ सेकंदांत यावं. बऱ्याच थीम सगळ्याच चित्रांना 'लेझी' (गरज पडली की उतरव) लावतात, अगदी वरच्या बॅनरलाही, आणि त्यामुळे तोच सगळ्यात उशिरा येतो. चित्रांना रुंदी-उंची लिहिलेली नसेल तर वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो. फॉन्टच्या सहा जाड्या मागवून दोनच वापरलेल्या असतात, त्या मोजून सांगा.

पाच_फायली

थीम बनवणाऱ्याच्या बाजूनं. दुरुस्ती सुचवताना पाचच ओळी बदला. तुमच्या एडिटरनं सगळ्या फाइलमधले टॅब काढून स्पेस घातल्या तर जुन्या-नव्या फाइलच्या फरकात आठशे ओळी लाल-हिरव्या दिसतात आणि मूळ बदल सापडत नाही. 'अमुक प्लगइनसारखं हेही घाला' हा अभिप्राय नाही, मागणी आहे. वेगळी लिहा आणि नकार गृहीत धरा.

आणि नवी आवृत्ती आली की आपलाच दोष पुन्हा तपासून 'सुटला' किंवा 'अजून आहे, ३६० वर' एवढं कळवा. अजून आहे असं वाटलं तर आधी पानाच्या सोर्समध्ये सीएसएसच्या पत्त्यामागचा आवृत्ती क्रमांक बघा. तो जुनाच असेल तर ब्राउझर साठवलेली फाइल दाखवतोय. अशा वेळी थीमकर्ता क्रमांक वाढवायला विसरला, हीच नवी चिठ्ठी.