एकाच भांड्यातलं जेवण: सगळं एकदम टाकायचं की क्रमाने?

मंद_आच
दमून आल्यावर ‘सगळं एकदम टाका, झाकण ठेवा, जेवा’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो. मला तो साफ अमान्य आहे. भांडं एक असू द्या, पण क्रम हवाच. तांदूळ, मसूर डाळ, बटाटा, टोमॅटो आणि पालक एकदम शिजवले, तर पालकाचा लगदा होतो आणि बटाटा मात्र दाताखाली कचकचतो, कारण टोमॅटोच्या आंबटपणामुळे बटाटा आणि डाळ मऊ व्हायला वेळ लागतो.

दोघांसाठी पाऊण वाटी तांदूळ, पाव वाटी मसूर डाळ, एक बटाटा. कांदा तेलात ५ मिनिटं परता, मग धुतलेले डाळ-तांदूळ आणि बटाटा घालून २ मिनिटं. मीठ आणि तीन वाट्या उकळतं पाणी घाला. उकळी फुटली की आच अगदी बारीक, झाकण, १५ मिनिटं. मग टोमॅटो, आणखी ५ मिनिटं. पालक आच बंद केल्यावर, आणि त्यानंतर १० मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही.

झाकणवाला
असहमत. ज्याच्यात उभं राहायचं त्राण नाही त्याला तुम्ही पाच वेळा चुलीपाशी बोलावताय! तो बिस्किटं खाऊन झोपेल.

क्रम लागतो तो जिन्नस चुकीचे निवडल्यामुळे. मसूर आणि तांदूळ साधारण एकाच वेळात शिजतात, म्हणून ती जोडी जमते. हरभरा डाळ घेतलीत तर फसलात. बटाट्याच्या फोडी एक सेंटिमीटरच्या करा. टोमॅटो आणि कांदा वगळा. पालकाऐवजी गोठवलेले मटार, म्हणजे चिरणंही वाचलं. २० मिनिटांनी वरून चमचाभर लोणी, किसलेली लसूण, मिरपूड आणि लिंबू. आंबट शेवटी आलं, तुमचा आक्षेप संपला.

मंद_आच
आणि चव? परतलेल्या कांद्याचा खमंगपणा लोण्याने येत नाही. सुट्टीच्या दिवशी चार-पाच कांदे परतून, दोन-दोन चमच्यांचे गोळे करून फ्रीजरमध्ये ठेवा. दमलेल्या दिवशी एक गोळा थेट भांड्यात.

झाकणवाला
म्हणजे दमलेल्या दिवसाचं काम सुट्टीच्या दिवशी. वा.

ट्रे_समर्थक
तुम्ही दोघंही चुलीला चिकटलात. ओव्हन २०० अंशांवर तापवा. हाडासकट चिकनच्या मांड्या, अडीच सेंटिमीटरच्या बटाट्याच्या फोडी, गाजर, तेल, मीठ. ३५ ते ४० मिनिटं पाय पसरून बसा. अट एकच: सगळं एका थरात, फटी ठेवून. गर्दी केली की सुटलेलं पाणी उडून जात नाही, भाजण्याऐवजी वाफवलं जातं आणि वर पांढरट, गिळगिळीत लागतं. छातीचे तुकडे असतील तर १५ मिनिटं उशिरा टाका, नाहीतर भुसा. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश बघा.

झाकणवाला
एकट्या माणसाच्या दोन तुकड्यांसाठी अख्खा ओव्हन तापवायचा, मग चिकटलेला ट्रे घासायचा. यापेक्षा पास्ता बरा: २०० ग्रॅम पास्ता, ६५० मिली पाणी, पसरट भांडं. पाणी ओतून टाकायचं नसल्याने मीठ नेहमीच्या निम्मं. पहिली दोन मिनिटं मात्र ढवळत राहा, तेव्हाच तो एकमेकांना आणि बुडाला चिकटतो. उरलेल्या स्टार्चच्या पाण्याचाच रस्सा होतो. चीज आच बंद केल्यावर, नाहीतर गोळे होतात.

पातळ_बूड
वरची सगळी गणितं जाड बुडाच्या भांड्याची आहेत. पातळ असेल तर खाली तवा ठेवा. पसरट भांड्यात वाफ जास्त जाते, तिथे अर्धी वाटी पाणी वाढवा. खाली लागलंच तर खरवडू नका, ढवळू तर अजिबात नका, वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढा (हो, दुसरं भांडं झालं. जळका वास खाण्यापेक्षा परवडलं).

उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. शिजवूनही टिकणारे जंतूंचे बीजाणू बाहेर वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही.

मंद_आच
तव्याचा मुद्दा मान्य. टोमॅटो वगळण्याचा नाही. लिंबाने आंबटपणा येतो, टोमॅटोचा गर येत नाही.