सोसायटी ग्रुप: दहा-बारा वर्षं ठेवायला हॅचबॅक कुठली घ्यावी?

मनीषा (बी-७०२): नमस्कार मंडळी. विषय पाण्याचा किंवा लिफ्टचा नाही, तेव्हा सेक्रेटरीसाहेबांनी सांभाळून घ्यावं 🙏 आमच्या स्विफ्टला जूनमध्ये १५ वर्षं पूर्ण होतायत. आता नवी घ्यायचीये. हॅचबॅकच, पेट्रोल, आणि एकदा घेतली की दहा-बारा वर्षं बदलायची नाही. लेकीची अट वेगळीच आहे: "दिसायला भारी पाहिजे, बाबांसारखी साधी नको." रोज घोडबंदर ते ऐरोली, गणपतीत आणि मे महिन्यात चिपळूण. बजेट ऑन-रोड साडेदहापर्यंत. सुचवा.

रोहित (ए-१२०३): ताई, आय२० एन लाइन. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवलेली, १२० पीएस. डोळे मिटून घ्या.

प्रमोद (सेक्रेटरी): घ्या काहीही, पण तुमचं पार्किंग स्टॅकचं आहे, एकावर एक गाड्या, त्यातलं खालचं पॅलेट. उंचीची मर्यादा १५५० मिमी. मागे एकांनी मायक्रो एसयूव्ही घेतली आणि मग तीन मीटिंगा झाल्या. पंच, एक्स्टर वगैरे १६०० च्या वर जातात. चालणार नाहीत.

सुषमाकाकू (बी-३०१): *फॉरवर्डेड* सावधान!! १५ वर्षं झालेली प्रत्येक गाडी आता सरकार जप्त करून भंगारात काढणार. सर्वांना पाठवा.

अविनाशकाका (सी-१०१): सुषमाताई, तो दिल्लीचा घोळ आहे, तो ठाण्यात आणू नका. आपल्याकडे १५ वर्षांनी रीपासिंग होतं. गाडी आरटीओला तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, पुढची पाच वर्षं नोंदणी मिळते. नंतर परत पाच. वीस वर्षांवरच्या कारची फी २०२५ मध्ये पाच हजारांची दहा हजार केली, ते खरं आहे. पण जप्ती वगैरे काही नाही. मनीषा, म्हणून आधी विचारतो, जुनी का काढतेस?

मनीषा (बी-७०२): काका, इंजिन अजून ठणठणीत आहे. पण चिपळूणला बारा महिने दमट हवा आणि पावसात चिखल, खालचा पत्रा गंजलाय. मेकॅनिकने बोट लावलं तर पापुद्रा हातात आला. शिवाय एकही एअरबॅग नाही. आता लेक चालवायला शिकतेय.

अविनाशकाका (सी-१०१): मग काढ. इंजिन दुरुस्त होतं, सडलेला पत्रा नाही.

नेहावहिनी (ए-६०४): अल्ट्रोझ बघा. आमची घेऊन तीन वर्षं झाली. ग्लोबल एनकॅपला, म्हणजे गाडी आपटून घेतात त्या सुरक्षा चाचणीत, २०२० मध्येच पाच स्टार होते, नव्या फेसलिफ्टला भारत एनकॅपचेही पाच मिळाले. दारं काटकोनात उघडतात, त्यामुळे सासूबाई गुडघे न दुखवता मागे बसतात. डिकी ३४५ लिटर. गणपतीच्या सामानासकट चौघं आरामात जातो.

रोहित (ए-१२०३): वहिनी, सिग्नलला थरथरते ते पण सांगा 😄

नेहावहिनी (ए-६०४): थरथरते. तीन सिलिंडर आहेत, थरथरणारच. मला सवय झाली. पत्रा जाड आहे, दार लावल्यावर जो आवाज येतो ना, त्यासाठी घेतली मी.

अविनाशकाका (सी-१०१): जरा सविस्तर लिहितो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, तेव्हा मोबाइलवर एका बोटाने टाइप करतोय, उशीर झाला तर समजून घ्या.

गाडी पाच वर्षांनी विकायची असेल तर रोहितचं बरोबर आहे. मजा करावी आणि द्यावी पुढच्याला. बारा वर्षं ठेवणाऱ्याने मात्र गाडी आज कशी आहे यापेक्षा २०३६ मध्ये वॉरंटी नसताना, नाक्यावरच्या मेकॅनिकच्या हातात कशी असेल ते बघावं. टर्बो वाईट नाही. पण टर्बो म्हणजे एक जास्तीचा भाग, जो भयंकर तापतो, ज्याला तेल वेळेवर आणि चांगलंच लागतं. दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे आणखी एक. असे भाग वाढतात तशी दहाव्या वर्षी बिलं वाढतात.

म्हणून माझं मत: चार सिलिंडरचं, बिनटर्बोचं, १२०० सीसी पेट्रोल. अशा हॅचबॅक आता बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात. बलेनो, तिच्यावरच टोयोटाचा बिल्ला असलेली ग्लान्झा, ह्युंदाईची आय२० आणि तिची धाकटी निऑस. होंडाची जॅझ २०२३ मध्ये बंद झाली, नाहीतर मी दुसरं नावच घेतलं नसतं.

मनीषा (बी-७०२): आणि नवी स्विफ्ट? आमच्या घरी स्विफ्टवर जीव आहे हो.

अविनाशकाका (सी-१०१): तुझी जुनी चार सिलिंडरची आहे. २०२४ च्या स्विफ्टला तीन सिलिंडरचं नवं इंजिन आलं. अ‍ॅव्हरेज जबरदस्त, कंपनीचा आकडा मॅन्युअलला लिटरमागे २४.८०, एएमटीला (ऑटोमॅटिकचा स्वस्त प्रकार) २५.७५. प्रत्यक्षात घोडबंदरला त्यातले बरेच गळतील, पण तरी उत्तमच. सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलांत. गाडी वाईट नाही. फक्त टेस्ट ड्राइव्हला एसी लावून, गाडी उभी ठेवून, गिअरच्या दांड्यावर हात ठेव. मग तुझ्या जुन्या गाडीत तसाच ठेव. हाताला जे कळेल ते बारा वर्षं रोज कळणार आहे. चालणार असेल तर घे.

अजून एक, डिकी २६५ लिटर. बलेनोची ३१८.

सुषमाकाकू (बी-३०१): पण लांबून सगळ्या सारख्याच दिसतात.

रोहित (ए-१२०३): काका, सगळं मान्य, पण ताईंच्या लेकीला स्टाइल हवीये. आय२० च्या मागच्या दिव्यांकडे बघा, त्या जोडलेल्या पट्टीकडे. बलेनो काय, प्रत्येक तिसऱ्या घराखाली उभी आहे.

अविनाशकाका (सी-१०१): प्रत्येक तिसऱ्या घराखाली उभी आहे म्हणूनच कणकवलीतल्या गॅरेजमध्येही तिचा बंपर मिळतो.

नेहावहिनी (ए-६०४): हे मात्र शंभर टक्के. आमची आधीची गाडी दिसायला राजेशाही होती. कंपनीने देशातून गाशा गुंडाळला. पुढे एका आरशासाठी आम्ही दीड महिना कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात फेऱ्या मारल्या. नाव नको, जखम ताजी आहे.

रोहित (ए-१२०३): पोलोवाल्यांना विचारा. २०२२ मध्ये बंद झाली तरी अजून माना वळवून बघतात लोक. चाकणची होती, आपल्या मातीतली.

अविनाशकाका (सी-१०१): पोलोबद्दल बोलायचं नाही ठरवलंय, डोळ्यात पाणी येतं. पण रोहित, तू नकळत मुद्द्याचं बोललास. पोलो अजून देखणी दिसते ती कशामुळे? क्रोमच्या पट्ट्या नव्हत्या, साध्या रेषा होत्या, प्रमाण नीट होतं. आज जी गाडी चमकदार वाटते, नक्षीदार ग्रिल, पियानो ब्लॅक प्लास्टिक, दोन रंगांचं छप्पर, तीच सात वर्षांनी जुनी दिसायला लागते. मनीषा, लेकीला सांग, गाडी लांबून आणि बाजूने बघ. बाजूने आवडली तर टिकेल.

मनीषा (बी-७०२): सांगितलं. तिचं उत्तर: "काकांना सांग अलॉय व्हील पाहिजेतच." 😅

अविनाशकाका (सी-१०१): इथे मी भांडणार. बलेनोच्या वरच्या मॉडेलचं टायर १९५/५५ आर१६, खालच्याचं १८५/६५ आर१५. हे आकडे टायरच्या बाजूवर लिहिलेले असतात, वाचायला शिका. पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, मधला म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची, शेवटचा चाकाचे इंच. हिशेब केला तर १६ इंची चाकावर रबराची उंची साधारण १०७ मिमी, १५ इंचीवर १२०. हा सव्वा सेंटिमीटर जास्तीचा रबर पावसाळ्यात घोडबंदरच्या खड्ड्यात रिम वाचवतो. अलॉय वाकला की सरळ करून आणतात, पण त्याच्यावर मग विश्वास राहत नाही. पोरीला अलॉय हवेत तर १५ इंचीच बसवा, छान डिझाइन मिळतात. आणि नवीन टायरवर चार आकडी शिक्का बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतो, तो बदलायचाच.

रोहित (ए-१२०३): काका आज फॉर्मात.

प्रमोद (सेक्रेटरी): मध्येच एक सूचना. उद्या टाकी धुणार, सकाळी १० ते २ पाणी नाही. चालू द्या.

मनीषा (बी-७०२): धन्यवाद प्रमोददादा. काका, ऑटोमॅटिकचं काय? ह्यांचा गुडघा ट्रॅफिकमध्ये बोलतो.

अविनाशकाका (सी-१०१): एएमटी म्हणजे मॅन्युअलच, क्लच दाबायला पायाऐवजी यंत्र. स्वस्त, अ‍ॅव्हरेज टिकवते, दुरुस्ती आवाक्यातली. पण कापूरबावडीला गाडी इंच-इंच सरकते तेव्हा क्लच अर्धा धरून राहते, आणि तो झिजतो. आय२० ला आयव्हीटी मिळते, ती सीव्हीटीचाच प्रकार, म्हणजे ठरावीक गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक. बिनधक्क्याची, ट्रॅफिकमध्ये सुख. तिचं तेल वेळच्या वेळी बदललं तर त्रास देत नाही. "आयुष्यभराचं तेल आहे" असं कोणी म्हणालं तर कोणाच्या आयुष्याचं ते विचार. बजेट मात्र काठोकाठ येईल.

सुषमाकाकू (बी-३०१): सीएनजी घ्या गं, किती वाचतात पैसे. माझ्या भाच्याची आहे.

नेहावहिनी (ए-६०४): काकू, डिकी जाते. अल्ट्रोझला दोन छोट्या टाक्या खाली घातल्यात तरी २१० लिटरच उरते. चिपळूणला गणपतीचं सामान न्यायचंय त्यांना.

मनीषा (बी-७०२): हो, सीएनजी नको. डिझेलही नको, रोजचं अंतर कमी आहे.

अविनाशकाका (सी-१०१): बरोबर. बीएस-६ डिझेलला धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला हायवेला सलग पळवावी लागते. ऐरोलीच्या अंतराने तो चोंदेल. पेट्रोलच घे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ई२० पेट्रोलच्या हिशेबाने बनवलेल्या असतात, तोही प्रश्न नाही.

आता दोन गोष्टी ज्या शोरूमवाला सांगणार नाही. एक, हेडलाइट. जुन्या गाडीचा बल्ब गेला की काही शे रुपयांत काम होतं. बहुतेक एलईडी दिव्यात बल्ब नसतोच, बिघडला की अख्खा दिवाच बदला. सुंदर दिसतो, कबूल. बारा वर्षांत एकदा तरी कोणीतरी ठोकणार, विम्यात झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) असेल तोवर ठीक, नंतर खिसा. दुसरी, स्क्रीन. मोठी स्क्रीन दहा वर्षांनी आजच्या जुन्या मोबाइलसारखी रडत चालेल. चालो बापडी, गाणी नाही लागली तर नाही. पण एसीला हाताने फिरवायची बटणं वेगळी आहेत ना, तेवढं बघ.

प्रमोद (सेक्रेटरी): तिसरी मी सांगतो. खालच्या पॅलेटवर पावसाळ्यात वरच्या गाडीचं पाणी गळतं आणि साखळीचं ग्रीस टपकतं. काळं छप्पर घेतलंत तर डाग जात नाहीत. बी-५०४ ला विचारा. आणि उंदीर! बॉनेटमध्ये वायरी कुरतडतात. जाळी बसवा, तंबाखूची पानं ठेवा, काही का करा.

रोहित (ए-१२०३): उंदीर कुठलीही कंपनी बघत नाहीत. समानता आहे आपल्याकडे.

मनीषा (बी-७०२): मग सध्या मनात दोन राहिल्या. बलेनो मधलं मॉडेल मॅन्युअल, किंवा आय२० आयव्हीटी. नेहा, अल्ट्रोझची दारं मनात आहेत, पण थरथर मला जमणार नाही गं. सेफ्टीचं काय करू?

नेहावहिनी (ए-६०४): राग नाही हं. बलेनोला भारत एनकॅपचे चार स्टार आहेत. सहा एअरबॅग दोन्हीकडे आहेत आता. मागे बसणाऱ्यांना बेल्ट लावायला लावा, आपल्याकडे तो कोणी लावतच नाही.

अविनाशकाका (सी-१०१): बरोबर. आता पॅलेटचं. आय२० १७७५ मिमी रुंद, बलेनो १७४५. तीन सेंटिमीटर कागदावर काहीच नाहीत, पण आपल्या पॅलेटच्या खांबांमध्ये दार किती उघडतं यावर ह्यांचा गुडघा अवलंबून आहे. टेस्ट ड्राइव्हची गाडी सरळ सोसायटीत आणायला सांग आणि पॅलेटवर चढवून बघ. नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूमला जा, ठाण्यात शोरूमला तोटा नाही.

मनीषा (बी-७०२): हे कोणी सुचवलं नव्हतं! आजच फोन करते. शोरूममध्ये अजून काय बघू?

रोहित (ए-१२०३): त्यांचाच विमा घ्यायची सक्ती नसते. थर्ड पार्टी तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, पण कंपनी तुम्ही निवडा. अ‍ॅक्सेसरी पॅकेज "कंपल्सरी" म्हणतील, हसून नाही म्हणा. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झालाय, आरटीओचा कर दहा लाखांखाली पेट्रोलला ११ टक्के. कोटेशनमध्ये हे दोन आकडे आधी जुळवा.

अविनाशकाका (सी-१०१): आणि पासिंगच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघ. चासीच्या पाटीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतो. मागच्या वर्षीची गाडी नव्या वर्षाच्या भावात घ्यायची नाही. घेतल्यावर लगेच खालून गंजरोधक कोटिंग, आणि चिपळूणहून आलं की पहिलं काम, खालून नुसत्या पाण्याचा फवारा. मारुतीची वॉरंटी पैसे भरून सहा वर्षांपर्यंत वाढवता येते, ती घेच.

मनीषा (बी-७०२): काका, तुम्ही याल का शनिवारी? अकराला दोन्ही गाड्या बोलावते.

प्रमोद (सेक्रेटरी): शनिवारी ११ ते १ पॅलेटचं ग्रीसिंग आहे. चारनंतर बोलवा.

मनीषा (बी-७०२): बरं, साडेचार.

अविनाशकाका (सी-१०१): येतो. मीटर टेप आणतो.

रोहित (ए-१२०३): मी आय२० च्या बाजूने वकील म्हणून येतो.

सुषमाकाकू (बी-३०१): मीही येते गं. मागच्या सीटवर चढ-उतार कोणाला जमतं ते माझ्यावरच बघा. आणि रंग निळा घ्या.