आर्क्टिकमधली गंजलेली समुद्राखालची तेलवाहिनी: लगेच क्लॅम्प, की हिवाळ्यात तुकडाच बदलायचा?

सागरतळ:
अलास्कातल्या नॉर्थस्टार बेटावरून ब्यूफोर्ट समुद्राखालून किनाऱ्याला येणारी वाहिनी घ्या: १० इंची, भिंत सुमारे १५ मिमी, तळाखाली दोन मीटरहून खोल पुरलेली. समजा, सप्टेंबरात पिगने (पाइपच्या आतून फिरणारं तपासणी-सफाईचं यंत्र) पाइपच्या तळाला आतून भिंतीच्या जाडीच्या ६० टक्के खोल गंज दाखवला. माझ्या मते तेल थांबवावं, लाइन पिगने रिकामी करून नायट्रोजन भरावा आणि फेब्रुवारीत बर्फावरून तुकडा बदलावा.

गंजशोधक:
असहमत. ६ मिमी धातू शिल्लक आहे. गंजलेल्या पाइपची ताकद मोजायच्या बी३१जी या मानकाच्या हिशेबात ८० टक्क्यांच्या आतल्या दोषाची लांबी पाहून दाब उतरवून लाइन चालवता येते. शिवाय तेलातलं पाणी बेटावरच काढलं जातं, गंज झपाट्याने वाढणार नाही. पाणी मोकळं आहे तोवर क्लॅम्प, म्हणजे पाइपभोवती आवळायचं कडं, बसवा. दक्षिण अलास्कातल्या कुक इनलेट या खाडीत २०१७च्या फेब्रुवारीत समुद्राखालच्या लाइनमधून गॅसगळती दिसली, पण बर्फामुळे पाणबुडे उतरले थेट एप्रिलमध्ये!

सागरतळ:
कुक इनलेटचा बर्फ भरती-ओहोटीबरोबर वाहतो. नॉर्थस्टारजवळचा किनाऱ्याला धरून स्थिर राहतो, ही लाइनच २०००च्या हिवाळ्यात बर्फावरून टाकली. आणि पाणी काढलेलं, प्रक्रिया केलेलं तेल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अलास्कातल्याच प्रुडो बे तेलक्षेत्रात मार्च २००६मध्ये जी जमिनीवरची लाइन गळली, तिच्यातही प्रक्रिया केलेलंच तेल होतं. प्रवाह मंद, तळाला पाणी आणि गाळ, त्याखाली जिवाणू, आणि १९९८नंतर पिग फिरवलेला नाही. दोन लाख गॅलनहून जास्त तेल सांडलं.
बी३१जी फक्त दाबाचा हिशेब करतं. इथे भिंत जाड ठेवली ती वाकण्याचा ताण सोसण्यासाठी. वसंतात नदीचं पाणी बर्फावर पसरतं, भेगेतून खाली कोसळतं, तळ खरवडतं आणि पाइप अधांतरी राहू शकतो. ६ मिमीच्या जागी सगळा ताण एकवटेल. साधा क्लॅम्प गळती थांबवतो, वाकण्याचा भार घेत नाही. आतला गंजही त्याखाली चालूच राहतो.

हिमवाट:
वाकण्याचा मुद्दा मान्य, पण फेब्रुवारीचं काम तुम्ही सोपं करून सांगताय. आधी बर्फावर समुद्राचं पाणी पातळ थरांत ओतून तो जाड करायचा, मग खाच कापून ठोकळे उचलायचे, तीही पुन्हा गोठते. पाइप वर आणून वेल्ड करायचा तर बराच लांबवर उघडा करावा लागतो, नाहीतर उचलतानाच मुरगळतो. म्हणून कापणी खालीच, पाणबुड्यांकडून, आणि नवा तुकडा यांत्रिक जोडांनी. पाणी उणे १.८ अंश, हवा उणे ३०. जोडाची रबरी सीलं बर्फावर उघडी ठेवलीत तर कडक होतील, गरम तंबूतून थेट पाण्यात सोडा.

गंजशोधक:
मग भार घेणारा, पाइपला दोन्ही टोकांना घट्ट पकडणारा क्लॅम्प आत्ता बसवा आणि तुकडा हिवाळ्यात बदला. दाब कमी, दर आठवड्याला साफसफाईचा पिग, जिवाणूनाशक चालू. पूर्ण बंद केलीत तर थंड लाइनमध्ये तेलातलं मेण साचेल.

सागरतळ:
मेणाची भीती तेल आत ठेवलं तर. मी लाइन रिकामी करा म्हणतोय. आणि क्लॅम्पसाठीही पाइप चारी बाजूंनी मोकळा करावा लागतोच, म्हणजे एकाच जागी दोनदा खोदकाम आणि दोनदा भराव.

हिमवाट:
भरावाची तर खरी काळजी घ्या. हिवाळ्यात उपसलेली माती गोठून ढेकळं होते. तशीच परत टाकलीत तर मध्ये पोकळ्या राहतात, उन्हाळ्यात ती खचते. जोडाखाली आणि बाजूंना आधी खडीच्या पिशव्या, माती त्यांच्यावर.