शब्दचर्चा: लाय डिटेक्टर, पॉलिग्राफ की सत्यशोधन चाचणी?

प्रश्न: रहस्यकथा लिहितोय. मुंबई क्राइम ब्रँचचा इन्स्पेक्टर संशयिताला दरडावतो, "चल, तुझी असत्यशोधन चाचणीच करतो!" पुढे यंत्राचा लाल दिवा लागतो आणि गडी कबुलीजबाब देतो. शब्द खटकतोय. काय वापरू?

उत्तर १: इन्स्पेक्टर असं बोलणारच नाही. त्याच्या तोंडी 'पॉलिग्राफ' किंवा 'लाय डिटेक्टर'. 'सत्यशोधक' म्हटलं की मराठी वाचकाला १८७३ चा फुल्यांचा समाज आठवणार, आणि 'असत्यशोधन' ऐकून हसू येणार. 'पॉलिग्राफ' बरा, कारण तो खोटं पकडल्याचा दावा करत नाही. एकाच वेळी अनेक नोंदी, एवढाच त्याचा अर्थ. यंत्र श्वास, रक्तदाब, नाडी आणि बोटांचा घाम टिपतं. दिवाबिवा लागत नाही, लॅपटॉपवर रेघा उमटतात. त्यांचा अर्थ माणूस लावतो, आणि घाबरलेला निरपराध माणूसही घामाघूम होतोच. आणि हो, 'नार्को' यात मिसळू नका. तिथे इंजेक्शन असतं, इथे नाही.

उत्तर २: शब्दापेक्षा 'चल, करतो' जास्त चुकलंय. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य खटल्यात ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही. मानवी हक्क आयोगाची २००० ची मार्गदर्शक तत्त्वं पाळायची, म्हणजे संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची. तेव्हा तुमच्या इन्स्पेक्टरला दरडावून नाही, गोड बोलून काम काढावं लागेल: "बघ बाबा, तुझा काही संबंध नाही म्हणतोस ना? मग पॉलिग्राफला हो म्हण, विषय संपला." हा दबाव जास्त अंगावर येतो.

'कबुलीजबाब'ही काढा. त्याच तत्त्वांनुसार चाचणीतल्या बोलण्याला पोलिसांपुढच्या जबाबाइतकीच किंमत. निष्कर्ष पुरावा म्हणून चालत नाही. मात्र स्वेच्छेने दिलेल्या चाचणीतून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली येऊ शकते. कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ लिहा.

खोलीत प्रश्न विचारणारा फॉरेन्सिक लॅबचा तज्ज्ञ असू द्या. छातीला एक आणि पोटाला एक नळी, बोटांना क्लिपा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. प्रश्न आधीच वाचून दाखवतात, उत्तर फक्त हो किंवा नाही.

"आज सोमवार आहे?"
"हो."
"कधी कुणाला फसवलंय?"
"...नाही."
"त्या रात्री तुम्ही गोदामात होतात?"

दुसरा प्रश्न मुद्दाम घातलेला असतो, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक जण चाचरतो. त्या चाचरण्याशी तिसऱ्या प्रश्नाची तुलना होते. दोन प्रश्नांमध्ये वीसेक सेकंद शांतता, दंड आवळलेला, हलायचं नाही. त्या वेळात त्याच्या डोक्यात काय चाललंय ते लिहा. तज्ज्ञाला 'अहो-जाहो' बोलू द्या, 'तू' इन्स्पेक्टरचा.

प्रश्नकर्ता: पण मग आरोपी कोसळणार कधी?

उत्तर २: पट्टा सोडल्यावर. "झालं, उठा," म्हटलं की माणूस आपणहून बोलायला लागतो.