अनुभव धागा: हिमालयातली गाजलेली वाट की निवांत वाट?

पायवाट
काल रात्री भाचीचा फोन. सगळी मित्रमंडळी ऑक्टोबरात नेपाळला निघालीत आणि एव्हरेस्ट बेस कॅम्प (ईबीसी) की लांगटांग खोरं यावर घोडं अडलंय. निम्मी म्हणतायत, एवढ्या लांब जायचं तर ईबीसीच. भाचीचा जीव लांगटांगमध्ये, पण म्हणते, "मावशी, तिथे जाऊन आले म्हटलं तर ऑफिसात कुणाला कळणारसुद्धा नाही." फोन ठेवला आणि झोपच लागेना. सगळं खोरं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

आम्ही गेलो ते भूकंपानंतर काही वर्षांनी. काठमांडूहून बसने स्याब्रुबेसी, तो रस्ता हाडं मोकळी करणारा. मग नदीच्या कडेकडेने जंगलातून चढ. घोडातबेलाच्या पुढे दरी रुंद होते, आणि अजून पुढे गेलं की वाट एका पांढुरक्या दगडांच्या पसाऱ्यावर येते. २५ एप्रिल २०१५ च्या त्या भूकंपात वरून बर्फ आणि दरड एकदम कोसळली आणि जुनं लांगटांग गाव त्याखाली गेलं. खोऱ्यात तीनशेच्या वर माणसं गेली. पलीकडे नवीन घरं उभी राहिलीत. चहा देणाऱ्या दीदीने स्मारकावरच्या नावांवरून बोट फिरवत सांगितलं, ही जाऊ, हा भाचा, हे शेजारचे. आणि लगेच विचारलं, रात्री जेवायला किती जण?

त्या गावाने लॉज पुन्हा बांधले ते आपण परत येऊ या भरवशावर. म्हणून माझं मत लांगटांगलाच. पण भाचीला एकट्या माझ्या मतावर पाठवायचं नाहीये. तुम्ही काय निवडलंत, का निवडलंत, लिहा. नेपाळच पाहिजे असं नाही, आपल्याकडचंही चालेल.

अबोली
रुमाल टाकून ठेवते. कुकर लावलाय, रात्री लिहिते.

सह्यवेडा
ईबीसी. आणि मनापासून सांगतो, गर्दी गर्दी म्हणून त्या वाटेला उगाच नावं ठेवू नका.

बाबा भूगोल शिकवायचे. फळ्यावर ८८४८ लिहिण्यात त्यांची नोकरी गेली. रिटायर झाल्यावर म्हणाले, एकदा डोळ्यांनी बघायचंय. त्यांना दुसरं कुठलं सुंदर खोरं दाखवून काय उपयोग होता? नामचे गावाच्या वर चढून आलो आणि ल्होत्सेच्या भिंतीमागून ते काळं टोक डोकावलं, तेव्हा बाबा टोपी काढून उभे राहिले.

पुढे डिंगबोचेच्या आसपास त्यांचं डोकं ठणकायला लागलं, जेवण जाईना. जवळच फेरिचेला १९७३ पासून एक मदत केंद्र आहे, सीझनमध्ये तिथे डॉक्टर असतात. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, आज खाली उतरा. उतरलो. नामचेला पोचेपर्यंत बाबा गरम सूप मागत होते. निवांत वाटेवर असा डॉक्टर कुठून आणणार होतो? बेस कॅम्प राहिला त्याचं काही नाही. तिथून शिखर दिसतच नाही, त्यासाठी कालापत्थर चढावं लागतं. बाबांना हवं होतं ते दिसलं होतं.

चहाबाज
@सह्यवेडा, टोपी काढून उभे राहिले वाचून गलबललं. काकांना नमस्कार सांगा.

कानटोपी
आमचं सगळं उत्तराखंडातल्या सांक्रीत ठरलं. केदारकंठा की हर की दून, दोन्हीची सुरुवात तिथूनच. डिसेंबरची अखेर. गावात पाय ठेवायला जागा नाही, रस्त्यावर बर्फासाठी बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक्स भाड्याने देणाऱ्यांची रांग. लॉजवाला भैया म्हणाला, केदारकंठ्याच्या शिखरावर पहाटे फोटोला नंबर लावावा लागेल. ३८१० मीटर म्हणजे फार उंच नाही, पण बर्फात खरंखुरं शिखर चढल्याचा आनंद मिळतो, म्हणून पहिल्यांदा येणारे तिकडेच जातात. बरोबरच आहे त्यांचं.

आम्ही हर की दून घेतलं. शिखर नाहीच, नुसतं खोऱ्यातून आत आत चालत जायचं. गंगाड, ओसला अशी लाकडी घरांची गावं लागतात. दारांवर कोरीव काम, गच्चीवर वाळत घातलेलं गवत, खाली गोठा, वर माणसं. ओसलाचं जुनं देऊळ दुर्योधनाचं असंही सांगतात. शेवटी समोर स्वर्गारोहिणी. पांडव याच वाटेने गेले म्हणतात, म्हणजे कौरव-पांडव दोघेही एकाच खोऱ्यात! मुलगा रात्रभर मला महाभारत विचारत होता.

रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवायची हे तिथल्या पोर्टरने शिकवलं. बर्फ वरच्या बाजूने धरतं, सकाळी सरळ केली की तोंड मोकळं. आता थंडीच्या प्रत्येक ट्रेकला हेच करतो.

औषधवाली
दवाखाना उघडायच्या आधी घाईत लिहितेय. पायवाटताई, भाचीला हे नक्की सांगा.

शांत वाट म्हणजे सोपी वाट नव्हे. लामा हॉटेल (हे वस्तीचंच नाव) साधारण २४८० मीटरवर आणि लांगटांग गाव ३४३० च्या आसपास. बरेच जण हा टप्पा एका दिवसात मारतात. एकदम साडेनऊशे मीटर! ३००० च्या वर गेलं की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा करावा. म्हणजे घोडातबेला किंवा थ्यांगश्यापला थांबायचं. ईबीसीवर नामचेला दोन रात्री राहायचं हे सगळ्यांना पाठ असतं, कारण सगळेच राहतात. लांगटांगला ते तुमचं तुम्हाला ठरवावं लागतं.

कुणी गोंधळल्यासारखं बोलायला लागलं तर त्याला टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल जात असेल तर रात्र असो की पाऊस, खाली न्यायचं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगून.

पायवाट
@औषधवाली, जसंच्या तसं तिला पाठवलं. खूप आभार गं.

चहाबाज
अवांतर: लांगटांगला जाणार असाल तर क्यांजिन गोम्पाचं याक चीज सोडू नका. १९५० च्या दशकात स्विस मदतीने तिथे चीज करायला सुरुवात झाली, अजून चालू आहे. ३८७० मीटरवर उन्हात बसून चीज आणि काळा चहा. माझं मत त्यावरच.

जाईजुई
चीजवर मत देणारा पहिलाच माणूस पाहिला 😄 आणि दालभात? पोट भरेपर्यंत वाढतात, तेही लिहा की.

चहाबाज
दालभातावर वेगळा धागा काढा, मी येतो.

निळाई
दोन्हींच्या मधलं काही असतं का? असतं. आम्ही खुंबूतच, म्हणजे एव्हरेस्टच्या भागातच गेलो, पण लुक्लाचं विमान घेतलं नाही. जिरीहून चाललो.

१९६४ साली लुक्लाची धावपट्टी झाली, त्याआधी बऱ्याच मोहिमा इकडूनच पायी जायच्या. रोज एक नदी उतरायची, रोज एक धार चढायची. लामजुरा खिंड ३५३० मीटर, तिथे धुक्यात गुराँसचं (ऱ्होडोडेंड्रॉनचं) जंगल. जुनबेसी गाव तर असं की पुढे जाऊच नये. संध्याकाळी मठातून घंटा, अंगणात बटाटे काढणाऱ्या बायका, लॉजमध्ये आम्ही सोडून कुणी नाही. मालकिणीने चुलीपाशी बसवून घेतलं आणि तिच्या लेकीचा अभ्यास आमच्याकडून करून घेतला.

लुक्लाच्या वाटेला लागलो आणि एकदम जत्रा. खेचरांच्या घंटा, रंगीत जॅकेटं, दहा भाषा. मला तीही आवडली. पण तोवर पाय तयार झाले होते, उंचीची सवय झाली होती, आणि ढग आले म्हणून विमान अडकेल ही धास्ती नव्हती. सीझनमध्ये लुक्लाची बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून जीपने तिथवर जायचं. हल्ली जिरीच्या पुढे जीपरस्ता सरकत चाललाय, धूळ वाढलीय. जायचं तर लवकर जा.

आणि नामचेहून पुढे उजवीकडे न वळता गोक्यो घेतलंत तर तिथेही माणसं कमी. गोक्यो री ५३५७ मीटर. एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, चो ओयू सगळी एका नजरेत, पायाशी हिरवंनिळं तळं.

सह्यवेडा
गोक्योला अनुमोदन. भाचीच्या ग्रुपचं भांडण यानेच मिटेल बघा.

भूर्जपत्र
रूपकुंडबद्दल कुणी विचारण्याआधी सांगतो. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. रूपकुंडच्या वाटेवरच्या बेदनी, अली या कुरणांची जी दशा झाली होती ती मी पाहिलीय. तंबूंच्या चौकोनांत गवत पिवळं, कडेला प्लास्टिक, खेचरांनी खणलेले चर. गाजलेल्या वाटेचं हेही होतं. गोमुखला दिवसाला १५० जणांनाच सोडतात, ते मला फार योग्य वाटतं.

जाईजुई
+१. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला आत मुक्काम करता येत नाही, संध्याकाळी घांगरियाला परत यावं लागतं. तिथे वरच्या फाट्यावर सगळी गर्दी हेमकुंड साहिबला वळते आणि फुलांच्या बाजूला माणसं निम्म्याने कमी. जुलैअखेर गेलो होतो, पावसात ब्लू पॉपी पाहिलं. निळा असा की फोटोत येतच नाही.

वाऱ्यावर
गाजलेल्या वाटेवर सुरक्षित वाटतं, पण ऑक्टोबर २०१४ आठवा. हुदहुद वादळाचं शेपूट नेपाळवर गेलं आणि अन्नपूर्णा सर्किटवरच्या थोरोंग ला खिंडीत आणि आसपास ४० च्या वर माणसं गेली. हे सर्किट म्हणजे नेपाळमधल्या सगळ्यांत चालत्या वाटांपैकी एक. पुढे लोक चाललेत म्हणून आपणही निघायचं, असं होतं गर्दीत. हवामान बघूनच खिंड चढा, मग ती कुठलीही असो.

अबोली
आले एकदाची. मुलं झोपली.

आईला हिमालय बघायचा होता आणि तिचे गुडघे गेलेले. दार्जिलिंगकडचं संदकफू. ३६३६ मीटर, पण मानेभंज्यांगहून वरपर्यंत गाडी जाते. ती गाडीने, मी नि भाऊ चालत, रोज संध्याकाळी भेटायचो. पहाटे तिला शाल गुंडाळून बाहेर आणलं, समोर कांचनजंगा, आडवा झोपलेला बुद्ध म्हणतात तसा. आई म्हणाली, मला वाटलं ढग आहेत.

तिथे गाड्यांमुळे गर्दी असते. मला पुढे फालुटला जायचं होतं, २१ किलोमीटर धारेवरून सपाट-सपाट चाल, माणूस नाही. आई म्हणाली तू जा, मी इथे उन्हात बसते. गेले. त्या एका सहलीत तिला तिची वाट मिळाली, मला माझी.

औषधवाली
अबोली किती छान गं. माझ्या सासूबाईंना दाखवते हे.

बुरांश
पिंडारी, पिंडारी, पिंडारी. कुमाऊंतल्या या हिमनदीच्या वाटेबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? खाती गावाच्या पुढे फोन बंद. सरकारी विश्रामगृहं आहेत त्यामुळे तंबू लागत नाही. द्वाली, फुरकिया, झिरो पॉइंट. नंदाकोट समोर. पण घरच्यांना आधीच सांगून ठेवा की अमुक तारखेपर्यंत फोन येणार नाही. आपल्या देशात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगता येत नाही, त्यामुळे दुसरा मार्ग नाही. स्थानिक वाटाड्या घ्याच, खातीत मिळतो.

कानटोपी
@बुरांश, फुरकियाला ब्लँकेटं मिळतात का? की स्लीपिंग बॅग न्यायची? मे महिन्याचं चाललंय आमचं.

बुरांश
मिळतात, पण ओलसर असतात. बॅग न्या. मेमध्ये वरच्या नाळांत बर्फ असू शकतं, खातीत विचारून मगच पुढे जा. मुलगा येतोय का?

कानटोपी
हो, तोच मागे लागलाय. नंदाकोट म्हणजे नंदादेवीची कोण, हे आत्ताच विचारून झालंय.